श्रेयाचे दात आणि पांढरीचा पट्टा

निमगाव सावाच्या जानकूसमोर लोक जरा जपूनच हसतात. समोरचा हसला की जानकूची नजर सरळ त्याच्या दातांवर जाते आणि मनातल्या मनात वय काढायचं काम सुरू होतं. गावात नवा तलाठी आला, नमस्कार झाले, चहा झाला. बाहेर आल्यावर जानकू म्हणाला, "मानूस बरा हाय. बत्तिशीच्या आतबाहेर. डाव्या अंगाला चावत न्हाई." तलाठी तेहतीस वर्षांचा निघाला आणि डावी दाढ खरंच किडलेली निघाली. तेव्हापासून तलाठी जानकूशी बोलताना तोंडावर रुमाल धरतो.

विद्या बापाची. बापाकडं दोनशे मेंढरं होती आणि पाठीवर बिऱ्हाड. मेंढराचा खालचा ओठ अंगठ्यानं खाली करायचा, एक नजर टाकायची, की झालं. आदत म्हणजे दुधाच्या दातांचं कोवळं, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि शेवटी जुळलेलं, म्हणजे पुऱ्या आठ दातांचं. जानकूकडं आता अकराच मेंढरं, दीड एकर कांदा आणि एक गाडी. तरी बाजाराच्या दिवशी बोकड घेणारा कुणीतरी त्याला कोपऱ्यात ओढतोच. विकणारा म्हणतो, "नाना, एकदम कवळं हाय." जानकू ओठ खाली करतो, बघतो, ओठ परत जागेवर ठेवतो. "हाय खरं कवळं," म्हणतो, "तुज्या आज्याच्या मानानं."

गाडी डिझेलची, जुनी, सात माणसांची. तिचं नाव पांढरी. मागच्या वर्षी जानकूनं ती आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या संपतरावांकडून घेतली. निमगाव सावा ते जुन्नर, बाजाराला आणि कचेरीच्या कामाला माणसं नेतो. वर्षात एकदाही वाटेत कुणाला उतरवलेलं नाही, आणि हे वाक्य तो पॅसेंजर बसल्या बसल्या सांगतो, न विचारता.

पण त्या मार्चमधल्या आठवड्यात गाडीत कोण बसणार याला फार महत्त्व आलं होतं. जानकूची मुलगी निर्मला पोलीस भरतीचा अर्ज करून, फी भरून, दीड वर्ष पळत होती. शुक्रवारी पुण्यात तिचं ग्राउंड: आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. तिच्याबरोबर गावातल्या संस्कृती आणि तेजस्विनी. हजेरी सकाळी सहाला, आणि एक मिनिट उशीर झाला तर फाटकाबाहेर. पहिली एसटी पोचते आठनंतर. लग्नसराईमुळं गावातल्या बाकीच्या गाड्या वऱ्हाडात अडकलेल्या. म्हणजे राहिली पांढरी.

म्हणून बुधवारी सकाळी जानकूनं पांढरी जुन्नरला भागू मिस्त्रीकडं आणली. म्हटलं, लांबचा पल्ला आहे, ऑइल-पाणी बघून घ्यावं.

भागू मिस्त्री कायम तोंडात दोन बोल्ट धरून बोलतो. त्यामुळं त्याचं बोलणं ओठाच्या एकाच कोपऱ्यातून येतं, आणि प्रत्येक बोलण्याला शेवटी "विषय कट" असतं.

"ऑइल ठीक. पाणी ठीक. नाना, टायमिंगचा पट्टा कवा बदललाय?"

"कंचा?"

"इंजनाच्या आंगाला, झाकनाच्या आत. खालची फिरकी आन् वरची फिरकी एका तालात ठेवतो त्यो. त्यो तुटला की पिस्टन वर येतो, व्हाल्व खाली येतो, दोगांची टक्कर. इंजन खोलायचं. विषय कट."

"काय आवाज-बिवाज देतो का आदी?"

"न्हाई ना. तीच तर गंमत हाय. चांगला चाललाय, चाललाय, आन् नाय."

जानकू हसला. "उघड झाकन. दात हायेत का त्याला?"

"हायेत की."

"मग काय घाबरायचं? बघतो."

भागूनं वरच्या झाकणाचे बोल्ट काढले, तोंडात आता पाच झाले. जानकूनं बॅटरी घेतली, मान आत घातली आणि एखाद्या मेंढ्याचा जबडा बघावा तसा पट्टा बघितला. हातानं फिरकी फिरवायला लावून पुढचे दात बघितले, मग त्याच्या पुढचे. काळे, सरळ, एकसारखे. एक पडलेला नाही, एक झिजलेला नाही.

"चारदाती हाय," त्यानं निकाल दिला. "जवान. आजून दोन वरसं कायबी व्हत न्हाई."

भागूनं पाचही बोल्ट हातावर काढले. हे तो फार गंभीर प्रसंगी करतो.

"नाना, ह्ये मेंढरू न्हाई. ह्याचं वय दातावर कळत न्हाई. ह्याला दोनच हिशेब: किती किलोमीटर पळाला आन् किती वरसं झाली. कंपनीचं पुस्तक सांगतं त्ये चांगल्या रस्त्याचं. आपल्याकडं धूळ, ऊन, कांद्याची पोती. मी म्हनतो साठ हजार नायतर चार वरसं. दोनातलं आदी यील त्ये."

"किलोमीटर मला म्हायती हायेत," जानकू म्हणाला. "संपतरावांनी पन्नास हजाराला बदलला. आता मीटरवर श्याऐंशी. छत्तीस झालं. साठाला लई येळ हाय."

"आन् वरसं?"

जानकूनं संपतरावांना फोन लावला, आवाज मोठा करून.

संपतराव म्हणजे महाळुंग्याचे मोठे बागायतदार, स्वभावानं देवमाणूस. खोटं बोलणार नाहीत. पण त्यांच्या कॅलेंडरात दोनच खाने आहेत: "आत्ताच" आणि "मागंच".

"पट्टा ना? बदललाय की," संपतराव फोनवर म्हणाले. "आता असं बघा, मीटर पन्नास हजारावर आलं, तवा गाडीफुडं नारळ फोडला, आन् त्याच दिशी मिस्त्रीकडं लावली."

"त्यो नारळ कवा फोडला, संपतराव?"

"मागंच."

"मागंच म्हंजी कवा?"

"मागंच ओ. तीन वरसं. लई झालं तर साडेतीन."

भागूनं फोनजवळ तोंड नेलं. "काका, तुमचं लगीन कवा झालं?"

"आमचं?" संपतराव क्षणभर विचारात पडले. "झालं की. मागंच."

भागूनं जानकूकडं बघून भुवया वर केल्या.

आता पेच असा होता. पट्टा तीन वर्षांचा असेल तर शुक्रवारचं पुणं करून यायचं आणि मग सावकाश बदलायचा. पण सहा-सात वर्षांचा असेल तर पोरींना घेऊन पहाटे हायवेला लागणं म्हणजे जुगार. मंचर सोडल्यावर कुठं तुटला तर निर्मलाचं दीड वर्ष रस्त्याच्या कडेला उभं. आणि उगाच आता खोलायचं म्हटलं, तर भागूनं तेही सांगून टाकलं: एकदा पट्टा काढला की नवा बसेपर्यंत गाडी जागची हलत नाही. नवा पट्टा, त्याबरोबरचा रोलर, हे सामान नारायणगावावरून यायचं. आलं तर उद्या संध्याकाळपर्यंत गाडी तयार. नाही आलं तर शुक्रवारी गाडीच नाही. बदलायचा असला तर आज दुपारपर्यंत सांगा. विषय कट.

इतक्यात निर्मला आली. शाळेच्या मैदानावर पळून, स्कूटीवर, घामानं भिजलेली. तिनं दोघांचं ऐकून घेतलं, आणि जानकूला म्हणाली, "आप्पा, बसा मागं."

"कुटं?"

"महाळुंग्याला. फोनवर त्यांचं मागंच संपनार न्हाई. समोर बसून काढू."

तर सात माणसांच्या गाडीचा मालक पोरीच्या स्कूटीवर मागं बसून निघाला. नारायणगावच्या चौकात ओळखीच्या एकानं हाक मारली, "काय नाना, पांढरी आटली वाटतं." जानकूनं ऐकलं नाही असं केलं. ही विद्याही बापाचीच.

कळंब ओलांडून महाळुंग्यात पोचले तेव्हा संपतराव ओट्यावरच होते. पाणी आलं, चहा आला. संपतराव म्हणाले, "पावणं, एवढ्या उन्हात? आवो फोनवर सांगितलं की मी. तीन वरसं."

आतून त्यांची आई साळुबाई बाहेर आली. कांदा निवडत होती, हात तसेच. वय ऐंशीच्या पुढं. जानकूनं दातांकडं बघायचा प्रयत्न केला, पण तिथं वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"कसली तीन वरसं?" तिनं विचारलं.

"गाडीचा पट्टा बदलल्याला, आई."

"त्यो? त्यो तर अश्विनीला सातवा म्हैना व्हता तवा." अश्विनी म्हणजे संपतरावांची सून. "डव्हाळजेवनाला तिच्या माहेरी जायाचं, साड्या नेसून आमी समद्या बाया तयार, आन् ह्यो म्हनतो गाडी मिस्त्रीकडं खोलून पडलीया. मग टेम्पोत बसून गेलो. पोटुशी पोरगी टेम्पोत. मी इसरंल का?"

"व्हय, व्हय," संपतराव म्हणाले, "तवाच. श्रेया पोटात व्हती. मग बरुबर हाय की. श्रेया चार वर्साची. म्हंजी साडेतीन-चार. मी काय येगळं सांगितलं?"

"चार?" साळुबाई म्हणाली. "चार वर्साची पोरगी मला भाकरीचं पीठ काढून देती व्हय? धा वर्साची आसंल."

"धा कुटली आई, आत्ता तर बालवाडीत घातली."

"अश्विनीताई कुठायत?" निर्मलानं विचारलं.

अश्विनी मंचरला नोकरीला, आणि कामाच्या वेळेत तिचा फोन पेटीत. चार आणि दहा यांच्या मधे कुठंतरी पांढरीचा पट्टा लोंबकळत राहिला. जानकूनं घड्याळ बघितलं. बाराला दहा कमी.

तेवढ्यात उन्हाळ्याची सकाळची शाळा सुटली आणि पाठीवर दप्तर घेऊन श्रेया स्वतः दारात आली. जानकूचा चेहरा उजळला. घोडं चालत पागेत आलं होतं.

"ये बाळ," तो म्हणाला. "जरा हास बघू."

श्रेयानं त्याच्याकडं बघितलं. अनोळखी माणूस, मोठ्या मिशा, आणि सारखा तोंडाकडं बघतोय. तिनं ओठ असे मिटले की दोरा जाणार नाही.

"आ कर."

मान इकडून तिकडं.

"शेंगदाण्याचा लाडू खानार?"

श्रेयानं लाडवासाठी हात पुढं केला. तोंड बंदच.

पाच हजार मेंढरांचे जबडे उघडलेला माणूस एका पोरीपुढं हात टेकून बसला. संपतराव म्हणाले, "लई हट्टी. आमच्या आईवर गेलीया."

मग निर्मला उठली. ओट्याच्या मधोमध ताठ उभी राहिली, पोट आत ओढलं, हनुवटी गळ्यात रुतवली आणि भरतीच्या क्लासच्या सरांचा आवाज काढला. ते सर मराठी बोलायला लागतात आणि मधेच त्यांना सिनेमातली हिंदी चढते. "ए लाईनीत. हसतंय कोन? कोन हस रहा है? सकाळी काय खाल्लं, वडापाव? वडापाव खाऊन पोलीस होनार? चोर पुढं पळनार, तुमी मागं ढेकर देनार? चल, दस पुशअप. तू न्हाई, तुझा वडापाव मारनार काय?"

श्रेया फुटली. अशी हसली की दप्तर खांद्यावरून घसरलं. आणि तेवढ्यात जानकूनं जे बघायचं ते बघितलं. हात लावला नाही, लावावा लागलाच नाही.

"खालचं मधलं दोन नवं," तो सावकाश म्हणाला, बाजारात म्हणतो तसं, चार माणसांनी ऐकावं असं. "पुरतं वर आल्यालं. कड आजून करवतीवानी हाय, झिजली न्हाई. वरचा एक पडलाय. त्याच्या शेजारचा हालतोय, ह्या हप्त्यात जाईल. सात. सातावर एकदोन म्हैनं. त्यात पोटातलं धरा. पट्टा सव्वासातच्या वर गेला, संपतराव."

"सात?" संपतराव श्रेयाकडं असं बघायला लागले की जणू ती आत्ताच पाहुणी म्हणून आली होती.

श्रेयानं हसू पुसलं आणि शाळेत उभं राहून सांगतात तसं सांगितलं, "मला जानेवारीत सात वर्षं पूर्ण झाली. मी पहिलीत आहे. बाईंनी जन्मतारीख पाठ करून घेतली आहे. मला विचारायचं ना."

संपतरावांनी बोटांवर वर्षं मोजली.

"मग माजी तीन वरसं गेली कुटं?" संपतराव हळूच म्हणाले.

"ओट्यावर बसून गेली," साळुबाई म्हणाली.

"न्हाई आई, थांब. आता असं बघा." संपतरावांना खरंच आठवलं होतं. "टाळेबंदी लागली. गाडी शेडात. मग कुटं जानं-येनं न्हाई, गाडी उभीच. ती वरसं मी धरलीच न्हाईत. उभी गाडी म्हंजी काय झिजती व्हय?"

जानकू चप्पल घालत होता. तो थांबला. सकाळपासून भागू जे सांगत होता ते आत्ता कुठं त्याच्या भाषेत त्याला ऐकू आलं.

"संपतराव," तो म्हणाला, "खुट्याला बांधल्यालं मेंढरूबी म्हातारं व्हतं." आणि निर्मलाला म्हणाला, "मिस्त्रीला फोन लाव. म्हनावं, खोल."

सामान आलं, पण सहज आलं नाही. नारायणगावच्या दुकानात पट्टा होता, रोलर नव्हता. दुकानदारानं तो दुसऱ्या दिवशी सकाळी मागवून दिला आणि जुन्नरच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं पुडकं दिलं. ड्रायव्हर ओळखीचा. त्याच्या बोकडाचं वय जानकूनंच सांगितलं होतं. गुरुवारी दुपारी बारापर्यंत पांढरी पोट उघडं टाकून उभी होती आणि जानकू तिच्याभोवती अशा फेऱ्या मारत होता की भागू शेवटी म्हणाला, "नाना, ती व्यायाला लागलेली न्हाई. बसा."

जुना पट्टा काढल्यावर भागूनं तो जानकूच्या हातात दिला. "बघा आता दात."

जानकूनं उजेडात धरला. दात काल होते तसेच. सरळ, एकसारखे. त्याचा चेहरा जरा फुलायला लागला.

"आता उलटा वाकवा."

जानकूनं पट्टा उलटा वाकवला. प्रत्येक दाताच्या बुडाशी एक बारीक भेग उघडली. एक नाही, दोन नाही, सगळीकडं, रांगेनं. एका ठिकाणी तर नख घातलं तर दात वर उचलत होता. जानकूनं पट्टा सोडला, भेगा मिटल्या. परत वाकवला, परत उघडल्या. भागूनं तोंडातले बोल्ट हातावर काढले.

जानकू म्हणाला, "हिरड्या बघायला पायजे व्हत्या."

नवा पट्टा बसला. भागूनं खुणेवर खूण जुळवली, हातानं इंजिन दोन फेरे फिरवून बघितलं, मग चावी मारली. पांढरी चालू झाली. आवाज कालच्यासारखाच आला, आणि आज जानकूला तो आवाज ऐकून काही कळल्यासारखं वाटलं नाही. तेच बरं होतं. भागूनं तारीख आणि मीटरचा आकडा लिहिलेली चिठ्ठी झाकणावर चिकटवली. जानकूला चिठ्ठीचा भरवसा वाटेना. तो शेजारच्या दुकानातून लाल रंगाची डबी घेऊन आला, मेंढरांच्या पाठीवर खुणेला लावतात तो रंग, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला बोटानं तारीख लिहिली. खाली आकडा: ८६.

"आता ही कळपातली झाली," तो म्हणाला.

शुक्रवारी पांढरी पावणेसहाला मैदानाच्या फाटकाशी उभी होती. संस्कृती, तेजस्विनी आणि निर्मला उतरल्या आणि आत गेल्या. फाटक बंद झाल्यावर जानकू तिथल्या चहाच्या टपरीवर बसला आणि चहावाल्याचं वय मनात काढत बसला. एक्केचाळीस आलं. विचारलं नाही.

अकराला तिघी बाहेर आल्या. तेजस्विनीच्या गुडघ्याला खरचटलेलं, संस्कृतीचा गोळा थोडा जवळ पडलेला, पण तिघींचं ग्राउंड पुरं झालं होतं. निर्मला आठशे मीटर दीड वर्षातलं सगळ्यात जोरात पळाली होती. यादी लागायला महिना होता. तरी गाडीत बसल्यावर तिनं सरांचा आवाज काढला, "मुली, टायमिंग चांगला आहे, पर घमंड नहीं," आणि मंचर येईपर्यंत गाडीत कुणाला धड श्वास घेता आला नाही.

कळंबला जानकूनं गाडी आत वळवली. हातात पेढ्यांचा पुडा.

"यादी लागायची हाय, आप्पा," निर्मला म्हणाली.

"ह्ये तुजं न्हाईत. ह्ये श्रेयाचं."

संपतराव ओट्यावरून उठून पांढरीजवळ आले. बॉनेट उघडून लाल आकडा बघितला आणि स्वतःच्या खिशातल्या छोट्या वहीत तारीख उतरवून घेतली. काल दुपारी जानकूनं फोनवर साठ हजाराचा हिशेब सांगितल्यापासून ते तारखा-वेळा टिपायला लागले होते, आयुष्यात पहिल्यांदा, असं साळुबाई म्हणाली. श्रेया पेढा खात होती. वरचा दुसरा दातही गेला होता, त्यामुळं पेढा मधून न चावता कडेनं चालला होता.

"बाळ," जानकू तिच्यासमोर खाली बसला, "माझं एक काम करशील? हे वरचं, ह्या दोन अंगाचं टोकदार सुळं, ह्ये नवं यायला तुला चार वरसं लागतील. अकराव्या-बाराव्या वर्षी येतात. दिसायला लागलं की मला फोन करायचा. निस्तं म्हनायचं, जानकूनाना, सुळं आलं. मी पट्टा बदलून घीन."

श्रेयानं जिभेनं वरची जागा चाचपून बघितली. मग विचार करून म्हणाली, "पण तुम्ही गाडी जास्त चालवली, तर साठ हजार आधी होतील ना?"

जानकू उठून उभा राहिला. निर्मला गाडीत तोंड लपवून हसत होती.

"हिला कुनी सांगितलं?"

"मी," संपतराव म्हणाले. "आत्ताच."

"आत्ताच म्हंजी कवा?"

संपतरावांनी वही उघडली, पान बघितलं आणि पहिल्यांदाच नेमकं उत्तर दिलं. "काल सांजच्याला. साडेसहा वाजता."